गुलमर्गमधला आठवडा: रोजचा बर्फ आणि रोजची स्की

स्कीइंगच्या सहलीला निघताना बहुतेक जण विमान, हॉटेल आणि उबदार कपडे यांचा विचार महिनाभर आधीपासून करतात. पायाला बांधायच्या स्कीचा प्रश्न मात्र तिथे पोहोचल्यावर, भाड्याच्या दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत उरकला जातो. फेब्रुवारीच्या आरंभी गुलमर्गला घालवलेल्या आठवड्यानंतर माझे मत पक्के झाले आहे की, सहलीचा आनंद सर्वांत जास्त याच पाच मिनिटांवर अवलंबून असतो आणि ती पाच मिनिटे रोज सकाळी पुन्हा द्यावी लागतात, कारण एकाच डोंगरावरचा बर्फ दोन दिवस सारखा राहत नाही. आम्ही तिघे होतो. मला स्कीइंग बऱ्यापैकी येते, पण निष्णात म्हणावे इतके नाही. धाकटा भाऊ उत्तराखंडातल्या औलीत शिकलेला, अंगाने भरदार आणि वेगाची आवड असलेला. त्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, कॉलेजात शिकते. अंगाने हलकी, आणि तिने स्कीला यापूर्वी हातही लावलेला नव्हता. तिघांच्या गरजा तीन प्रकारच्या असल्यामुळे स्कीच्या निवडीतले बारकावे आम्हांला एकाच आठवड्यात पाहायला मिळाले.

रविवार: श्रीनगरहून वर

आदल्या संध्याकाळी श्रीनगरला पोहोचलो होतो. जुन्या शहरात सकाळी लवकर हरिसा मिळतो हे ठाऊक असल्यामुळे अंधार असतानाच बाहेर पडलो. मटण आणि तांदूळ रात्रभर मंद आचेवर शिजवून, घोटून एकजीव केलेला हा पदार्थ हिवाळ्यातच मिळतो आणि दुकानातला हंडा नऊच्या आत रिकामा होतो. वरून कडकडीत तेल ओतून, गरम रोटीबरोबर तो खाल्ला की पुढचे कित्येक तास थंडी जाणवत नाही.

गुलमर्ग श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. टंगमर्गपर्यंतचा रस्ता सोपा. त्यानंतरचा १३ किलोमीटरचा घाट बर्फाचा असतो आणि बर्फ पडल्यावर तिथे चाकांना साखळ्या लावलेली किंवा चारही चाकांना जोर मिळणारी स्थानिक गाडीच सोडतात. टंगमर्गला गाडी बदलावी लागेल असे धरूनच चालावे आणि सामान कमी पिशव्यांत भरावे. दुसरी एक गोष्ट निघण्यापूर्वी तपासावी: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. गोंडोलाची, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या केबल कारची, तिकिटे ऑनलाइन काढायची असल्यामुळे हा तपशील क्षुल्लक राहत नाही.

खोलीत बुखारी, म्हणजे लाकडावर जळणारी लोखंडी शेगडी, पेटवून ठेवलेली होती. हॉटेलातल्या मुलाने गुलाबीसर नून-चाय आणून दिला. मिठाचा चहा भाचीला पहिल्या घोटाला आवडला नाही. बुधवारपर्यंत ती स्वतः मागून घेऊ लागली.

सोमवार: आधी बूट, मग स्की

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. पीर पंजाल रांगेच्या कुशीतली ही वाटीसारखी कुरणे हिवाळ्यात नवशिक्यांचे उतार होतात. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू केला आणि १९६८ मध्ये पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व गिर्यारोहण शिकवणारी संस्था इथे आली. त्यामुळे शिकवण्याची परंपरा मुरलेली आहे. आमचे शिक्षक टंगमर्गकडचे, चाळिशी ओलांडलेले, मोजके बोलणारे गृहस्थ होते. भेटल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अनुभवाचा नव्हता. "मॅडम, मोजे किती घातले आहेत?" असे त्यांनी विचारले आणि भाचीने थंडीच्या भीतीने चढवलेले लोकरी मोजे उतरवायला लावले. स्की-बुटात एकच पातळ, लांब मोजा असावा. जाड मोजे घातले की पाय दाबला जातो, रक्ताभिसरण मंदावते आणि पाय उलट जास्त गारठतो.

दुकान लहान आणि अंधारे होते, पण तिथल्या वृद्ध कारागिराने बुटांसाठी दिलेला वेळ मला विशेष वाटला. त्यांनी बुटाच्या आतले मऊ अस्तर काढले, भाचीला नुसत्या कडक कवचात पाय घालून बोटे पुढे टेकवायला सांगितले आणि टाचेमागे स्वतःची बोटे घालून पोकळी पाहिली. तिथे दीड ते दोन सेंटिमीटर जागा हवी. त्याहून जास्त असेल तर बूट मोठा. अस्तर परत बसवल्यावर ताठ उभे राहिले की अंगठा पुढच्या भिंतीला जेमतेम लागतो आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवली की तो मागे सरकतो. हीच योग्य मापाची खूण आहे. दुकानात सैल, आरामशीर वाटणारा बूट उतारावर निरुपयोगी ठरतो, कारण पायाची हालचाल स्कीपर्यंत पोहोचतच नाही. बुटाचा कडकपणा आकड्यांत लिहिलेला असतो: नवशिक्याला ६० ते ८० पुरेसा, तर भावासारख्या वजनदार आणि वेगाने जाणाऱ्या माणसाला १०० किंवा त्याहून अधिक हवा. माझे म्हणणे असे की, पैसे खर्च करायचेच असतील तर स्वतःचे बूट आधी घ्यावेत. स्की भाड्याने मिळतात आणि मिळाव्यातही, कारण त्या बदलाव्या लागतात.

मग स्कीची पाळी. प्रत्येक स्कीच्या शेपटीकडे तीन आकडे छापलेले असतात: टोकाची, कमरेची आणि शेपटीची रुंदी, मिलिमीटरमध्ये. त्यांतला मधला, म्हणजे पायाखालच्या कमरेचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ७० ते ८५ मिलिमीटर कंबर दाबून कडक केलेल्या उतारांसाठी, ८५ ते १०० संमिश्र बर्फासाठी आणि त्यापुढची रुंदी खोल, भुसभुशीत बर्फासाठी, असा ढोबळ हिशेब आहे. शेजारी वळणाची त्रिज्या मीटरमध्ये लिहिलेली असते: १२ ते १५ मीटर त्रिज्येची स्की चटकन वळते, तर १८ किंवा २०च्या पुढची लांब, सावकाश वळणे घेते आणि वेगात स्थिर राहते. उभी धरल्यावर नवशिक्याची स्की हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान यावी, मध्यम जाणकाराची नाक ते भुवईपर्यंत, आणि निष्णाताची डोक्याइतकी किंवा थोडी वर. उंचीपेक्षाही वजन बघितले पाहिजे हे मात्र दुकानांत फारसे कोणी सांगत नाही. स्की वाकते ती वजनाने. वाकली तर वळते. हलक्या माणसाच्या पायाखाली कडक आणि लांब स्की फळीसारखी पडून राहते.

भाचीला ७४ मिलिमीटर कमरेची, हनुवटीपर्यंत येणारी मऊ स्की मिळाली. भावाने भिंतीला टेकलेली, चकचकीत, ११२ मिलिमीटरची रुंद जोडी उचलली होती. कारागिरांनी ती शांतपणे त्याच्या हातातून घेतली. "भाईसाहब, ही जोडी आहे, पण तिच्यालायक बर्फ अजून आलेला नाही," असे म्हणत त्यांनी ८० मिलिमीटरची जोडी समोर ठेवली. भावाला ते पटले नाही, परंतु त्याने ऐकले.

शेवटी बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराने सुटावा हे ठरवणारा आकडा वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी यांवरून तक्त्यात पाहून लावतात. ही लांबी टाचेपाशी कोरलेली असते. आकडा कमी ठेवला तर स्की भलत्या वेळी सुटते, जास्त ठेवला तर सुटायच्या वेळी सुटत नाही आणि गुडघ्याला इजा होते. बाजूच्या एका दुकानात कोणतीही विचारपूस न करता सर्वांना एकाच आकड्यावर स्की देत असलेले आम्ही पाहिले. असे दिसले तर तिथून निघावे. हा विषय भिडस्तपणाचा नाही.

नवशिक्यांच्या उतारावर त्या दिवशी बर्फ जुना आणि घट्ट होता. आठवडाभर नवी हिमवृष्टी झालेली नव्हती, आणि दिवसा वितळून रात्री गोठलेल्या थरावर शेकडो पायांचा आणि स्लेजचा दाब पडलेला होता. अशा बर्फावर अरुंद स्कीची पोलादी कडा पायाच्या बरोबर खाली येते आणि थोड्या झुकावाने रुतते. रुंद स्कीत तीच कडा पायाच्या मध्यापासून दूर जाते, त्यामुळे तिला कलवण्यासाठी घोटा आणि गुडघा यांना जास्त जोर लावावा लागतो. भाची दुपारपर्यंत स्कीची टोके जवळ आणून वेग कमी करायला आणि थांबायला शिकली. शेजारी शाळकरी मुलींचा एक गट शिकत होता. टंगमर्गच्याच आरिफ खान यांनी २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचे एकमेव खेळाडू म्हणून स्लॅलम आणि जायंट स्लॅलम या खांबांमधून वळणे घेत उतरायच्या शर्यतींत भाग घेतला होता. त्यांचे नाव या मुलींच्या बोलण्यात सारखे येत होते आणि काठ्या रोवून त्या ज्या निर्धाराने पुन्हा उठत होत्या, ते पाहून मला मनापासून आनंद झाला.

मंगळवार: कोंगडोरी

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत आहे. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला आणि तो सुमारे ३,०५० मीटरवरच्या कोंगडोरीला नेतो. दुसरा २००५ मध्ये सुरू झाला आणि अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९८० मीटरपर्यंत पोहोचवतो. तिकीट ओळखपत्रासह आधी ऑनलाइन काढावे; पर्यटकांच्या गर्दीत ऐन वेळी मिळेलच असे नाही.

कोंगडोरीहून जंगलातून खाली येणारा उतार यंत्राने दाबून समतल केलेला होता. सकाळी त्यावर पन्हाळीसारख्या बारीक समांतर रेषा उमटलेल्या होत्या. हा बर्फ घट्ट असतो, पण निसरडा नसतो. कडा त्यात सफाईने शिरते आणि मागे पेन्सिलीने ओढल्यासारख्या दोन रेघा राहतात. भावाला त्याच्या ८० मिलिमीटरच्या जोडीचे मोल तिथे कळले. तिसऱ्या वळणानंतर तो थांबला आणि मला म्हणाला, "ताई, ही स्की माझ्याआधीच वळते आहे." अकराच्या सुमारास गर्दी वाढली, रेषा मोडल्या आणि सावलीच्या जागी निळसर, टणक चट्टे दिसू लागले. तिथे माझी स्की सुर्रकन घसरली. दुपारी शिक्षकांनी कडेवरून स्वतःचे नख आडवे ओढून दाखवले: कडा धारदार असेल तर नखाचा बारीक पांढरा कीस निघतो. माझ्या स्कीवर निघाला नाही. संध्याकाळी कारागिरांनी कानशीने धार लावून दिली आणि फरक पहिल्या वळणापासून जाणवला. भाड्याची स्की घेताना ही नखाची परीक्षा अवश्य करावी.

मुक्कामाच्या दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या टप्प्यावर जाण्याची घाई आम्ही केली नाही. चार हजार मीटरच्या जवळ हवा विरळ असते आणि दमलेल्या पायांनी स्कीइंग करणे धोक्याचे आहे. पाणी भरपूर प्यावे. थंडीत तहान लागत नाही म्हणून ते राहून जाते.

बुधवार: हिमवृष्टी

पहाटे खिडकीबाहेर काही दिसत नव्हते. काश्मीरचा हिवाळ्यातला बर्फ येतो तो भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे. ती ओलसर हवा पीर पंजालला अडते, वर चढते आणि सारी आर्द्रता बर्फ होऊन खाली येते. झंझावात आला नाही तर उतार कोरडे राहतात. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे बर्फाविना तपकिरी पडली होती आणि इथल्या कित्येक कुटुंबांची हिवाळ्याची कमाई बुडाली होती. त्यामुळे त्या सकाळी हॉटेलातल्या आचाऱ्यापासून घोडेवाल्यापर्यंत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, त्याचा अर्थ समजायला वेळ लागला नाही. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवसांचे कडक थंडीचे पर्व, संपून चिल्लई खुर्द, म्हणजे त्यानंतरचे धाकटे पर्व, सुरू झाले होते. "चाळीस दिवस वाट पाहिली, धाकट्याने दिले," असे आचारी म्हणाले.

गोंडोला वाऱ्यामुळे बंद राहिला. सहलीचा एखादा दिवस असा जाणार हे गृहीत धरून मुक्काम थोडा लांबच ठेवावा, कारण दोन-तीन दिवसांसाठी आलेल्यांना वरचा डोंगर दिसतच नाही. आम्ही पांढऱ्या धुक्यातून १९०२ मध्ये बांधलेल्या सेंट मेरी चर्चपर्यंत चालत गेलो. सपाट, सावलीहीन उजेडात खड्डा आणि उंचवटा यांतला फरक कळत नव्हता. अशा दिवशी काळी काच निरुपयोगी. पिवळट किंवा गुलाबी काचेचा गॉगल असेल तर बर्फाचे चढउतार थोडे तरी उठून दिसतात. दोन्ही काचा जवळ असाव्यात.

दुपार कारागिरांच्या दुकानात गेली, आणि ती मला फार मोलाची वाटते. फिरन, म्हणजे लांब सैल झगा, घालून आणि आत कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची टोपली, धरून आलेली मंडळी भिंतीशी बसली होती. कारागीर इस्त्रीवर मेणाची कांडी टेकवत, वितळलेले थेंब स्कीच्या तळावर पाडत आणि इस्त्रीने ते सारखे पसरवत. थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने ते खरवडून काढत आणि शेवटी ताठ ब्रशने लांब हात मारत. लावलेले मेण जवळजवळ सारे खरवडले जाते हे पाहून भाचीने कारण विचारले. तळ सच्छिद्र प्लास्टिकचा असतो. कामाचे मेण ते, जे त्याच्या आत मुरते. नव्या, थंड बर्फाचे कण टोकदार असतात आणि मऊ मेणात रुततात, म्हणून कडक मेण लावायचे. ओल्या, वितळत्या बर्फात पाण्याचा थर तळाला चिकटून धरतो, तिथे मऊ, पाणी झटकणारे मेण हवे. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्या तिघांच्या स्कीसाठी थंडीचे मेण निवडले. मग ती ११२ मिलिमीटरची जोडी खाली उतरवून ते भावाला म्हणाले, "उद्या तुमची."

गुरुवार: पावडर

रात्रीतून हिमवृष्टी थांबली. अंगणातल्या टेबलावर जवळजवळ ४० सेंटिमीटर बर्फ साचला होता. शिक्षकांनी हातमोज्यात मूठभर बर्फ घेऊन दाबला आणि मूठ उघडली. गोळा झाला नाही, पिठासारखा वाऱ्यावर उडाला. यालाच पावडर म्हणतात. उणे ९ अंशांत पडलेला हा बर्फ इतका हलका असतो की, एका घनमीटरचे वजन ५० ते १०० किलो भरते. दाबलेल्या जुन्या बर्फाचे ३०० ते ५०० किलो भरते. पाऊल अशा बर्फात मांडीपर्यंत जाते आणि अरुंद स्कीसुद्धा खाली बुडते. रुंद स्कीचे क्षेत्रफळ जास्त असल्यामुळे ती वर तरंगते. तिचे टोक पायापासून बऱ्याच आधी वर उचललेले असते. याला रॉकर म्हणतात आणि त्यामुळे टोक बर्फात घुसत नाही. कडक उतारावरच्या स्कीला उलट पायाखाली कमान असते, जी वजनाने सपाट होऊन कडेला पूर्ण लांबीभर दाबून धरते. दोन्ही गुण थोडे थोडे घेतलेली स्कीही मिळते, आणि एकच जोडी घ्यायची असेल तर गुलमर्गसाठी मी ९५ ते १०० मिलिमीटर कमरेची, टोकाला रॉकर आणि पायाखाली कमान असलेली स्की निवडीन. इथे दाबलेले उतार मोजके आहेत आणि मोकळा डोंगर अफाट आहे.

दुसरा टप्पा बंदच होता. जोरदार हिमवृष्टीनंतर गस्ती पथक आधी वरच्या मुख्य खोऱ्यातला धोकादायक बर्फ पाडून घेते, मगच तो भाग खुला होतो. आम्ही पहिल्या टप्प्यावरून जंगलातल्या हलक्या उतारावर गेलो. भाची आपल्या अरुंद स्कीवर खालच्या उतारावरच, दुसऱ्या शिक्षकाबरोबर थांबली; तिथे दुपारपर्यंत ताजा बर्फ दबून मऊ गालिचा झाला होता आणि पडण्याची भीती संपल्यामुळे ती पहिल्यांदा दोन्ही स्की समांतर ठेवून वळली.

देवदारांच्या आणि फरच्या रांगांमधून जाताना आवाज जवळजवळ नव्हता. बर्फाचा पडदा गुडघ्यांवरून छातीपर्यंत उडत होता. पावडरमध्ये मागे रेलण्याचा मोह होतो, पण त्याने मांड्या लगेच थकतात. पाय जवळ ठेवावेत, वजन दोन्ही स्कींवर सारखे द्यावे आणि एका लयीत खाली-वर होत राहावे, असे शिक्षक सांगत होते. माझ्या ९८ मिलिमीटरच्या जोडीवर ती लय सापडायला तासभर लागला. भाऊ मात्र त्याच्या रुंद स्कीवर सुटलाच. त्याने दोन्ही हात वर करून मारलेली आरोळी ऐकून वरच्या फांद्यांवरची माकडे खाली डोकावली आणि एका फांदीवरचा सारा बर्फ आमच्यावर कोसळला.

पुढच्या उतारावर तो पडला आणि एक स्की नाहीशी झाली. पावडरमध्ये सुटलेली स्की पृष्ठभागाखाली शिरते आणि तिचा ब्रेकही तिला वर आणत नाही. भाऊ खालच्या बाजूला शोधत होता. शिक्षकांनी त्याला थांबवले, पडल्याची खूण पाहिली आणि तिच्या वरच्या अंगाला दुसऱ्या स्कीची शेपटी बर्फात सुरीसारखी आडवी ओढत एकेक पट्टा कापत गेले. आपण वेगाने पुढे फेकले जातो आणि स्की वरच राहते, हे त्यामागचे कारण. थोड्या वेळाने खट् असा आवाज आला. जोडीला लांब रंगीत फिती बांधल्या असत्या तर एवढी शोधाशोध लागली नसती. खोल बर्फात जाताना त्या दुकानातून मागून घ्याव्यात. झाडांच्या बुंध्याभोवती फांद्यांच्या आडोशाने पोकळ, सैल बर्फाचा खड्डा राहतो, त्यात डोके खाली करून पडलेला माणूस एकट्याने बाहेर येऊ शकत नाही. म्हणून जंगलात जोडीदार नजरेआड होऊ देऊ नये.

शुक्रवार: अफरवट

दुसरा टप्पा साडेदहाला उघडला. रांगेत उभे असताना शिक्षकांनी आमचे ट्रान्समीटर, म्हणजे बर्फाखाली गाडले गेल्यास माणूस शोधता यावा म्हणून अंगावर बांधायची यंत्रे, तपासले आणि फावडे व शोधकाठी पिशवीतून काढून दाखवायला लावली. गुलमर्गच्या वरच्या डोंगराबद्दल हे स्पष्ट लिहिले पाहिजे: गोंडोलाखालचे मुख्य खोरे सोडले, तर बाजूच्या दऱ्यांत बर्फ पाडून सुरक्षित केलेला नसतो. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे हिमस्खलनांत परदेशी स्कीपटूंचे जीव गेले. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, म्हणजे नेमक्या त्याच उतारांवर जिथे जाणकारांना जावेसे वाटते. गाडल्या गेलेल्या माणसासाठी पहिली १० ते १५ मिनिटे निर्णायक असतात; खालून मदत तेवढ्या वेळात पोहोचत नाही, सोबतीच काढू शकतात. वाटाड्या आणि ही तीन साधने नसतील तर सुरक्षित भागाच्या हद्दीच्या दोरीपलीकडे जाऊ नये. विमा घेतानाही उतारांबाहेरचे स्कीइंग आणि ही उंची त्यात समाविष्ट आहे का, हे वाचून घ्यावे.

वर पोहोचलो तेव्हा उत्तरेला, ढगांच्या पट्ट्यावर, ८,१२६ मीटर उंचीचा नंगा पर्वत पूर्ण दिसत होता. शिक्षकांनी काही क्षण आम्हांला पाहू दिले आणि मग पायाखाली पाहायला सांगितले. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश या हिशेबाने वर खालच्यापेक्षा आठ अंश जास्त थंडी होती आणि बर्फ वेगळाच होता. रात्रीच्या वाऱ्याने कड्याजवळचा सैल बर्फ उडवून नेला होता. उरले होते ते टणक, लाटांसारखे उंचवटे. तोच बर्फ वाऱ्याने पलीकडच्या आडोशाच्या उतारावर नेऊन घट्ट थर करून ठेवला होता. असा थर वरून गुळगुळीत आणि मोहक दिसतो, पण खालच्या सैल बर्फाशी त्याची पकड नसते. शिक्षकांनी कडेला, सपाट जागी, जोराने पाय आपटला. खोलवरून धप्प असा पोकळ आवाज आला आणि टाचेपासून दोन हात लांब भेग गेली. ते म्हणाले, "हा आवाज आला की डोंगराने नाही म्हटले." आम्ही तो उतार सोडला आणि मुख्य खोऱ्यातूनच उतरलो.

त्या उताराचा वरचा एक तृतीयांश भाग वाऱ्याने कवच धरलेला, मधला भाग दाट क्रीमसारखा आणि शेवटचा, सावलीतला, अजून कालच्यासारखा हलका होता. भावाची रुंद स्की वर कवचावर थरथरली आणि खाली तरंगली. माझी मधल्या रुंदीची जोडी तिन्ही ठिकाणी सावरून नेत होती, कोठेही उत्कृष्ट नव्हती आणि कोठेही हट्टी नव्हती. मिश्र दिवसासाठी हाच गुण हवा असतो. मला त्या उतरणीने आठवड्यातले सर्वांत मोठे समाधान दिले.

शनिवार: ऊन

दोन दिवस स्वच्छ ऊन पडले होते. गुलमर्ग सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, आल्प्सच्या बऱ्याच दक्षिणेला. इथले फेब्रुवारीतले ऊन तिथल्यापेक्षा प्रखर असते आणि सूर्याकडे तोंड असलेले उतार लवकर बिघडतात. सकाळी नऊला तिथे काचेसारखे कवच होते. अकराच्या सुमारास वरचा इंचभर थर सुटून दाणेदार झाला आणि त्यावर स्की लोण्यावरून फिरावी तशी फिरत होती. दुपारी एक वाजल्यानंतर तोच बर्फ पाणथळ होऊन स्की धरून ठेवू लागला. दिवसातली ही दीड-दोन तासांची वेळ साधायची असेल तर उशिरा निघावे आणि वेळेवर थांबावे. भाऊ त्या दिवशी आपण होऊन ८० मिलिमीटरच्या जोडीकडे परतला.

दुपारी, सावलीच्या बाजूच्या जंगलातून आम्ही बाबा रेशींच्या दर्ग्याच्या दिशेने खाली गेलो. पंधराव्या शतकातल्या या संताच्या दर्ग्यापर्यंतची वाट गावाजवळून जाते आणि तिथून जीपने वर परतता येते. एका घरासमोर आजींनी आम्हांला थांबवून कहवा पाजला. भाचीने बूट सैल करून उंबऱ्यावर बसकण मारली आणि आजींनी तिच्या गालांवरचा उन्हाचा लालसर डाग पाहून स्वतःच्या गालांना बोट लावून दाखवले. बर्फावरून परावर्तित होणारे ऊन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांतही लागते. मलम तिथेही लावावे.

संध्याकाळी स्की परत केल्या. कारागिरांनी तळावरून तळहात फिरवून ओरखडे पाहिले. घेताना काढलेली छायाचित्रे आमच्याजवळ होती, त्यामुळे जुना ओरखडा कोणता आणि नवा कोणता यावर बोलणे झालेच नाही. भाड्याने स्की घेणाऱ्या प्रत्येकाने ही दोन छायाचित्रे घ्यावीत. पुढच्या वर्षी केव्हा यावे असे मी विचारले. ताजी पावडर हवी असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, असे ते म्हणाले. भाचीसारख्या शिकणाऱ्यांनी मात्र फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी यावे, कारण तेव्हा दिवस मोठा असतो, थंडी सौम्य असते आणि दुपारचा बर्फ पडणाऱ्याला लागत नाही. भावाने त्यांच्या वहीत जानेवारी लिहिले. भाचीने त्याखाली मार्च लिहिले आणि आपल्यासाठी ७४ ऐवजी ८२ मिलिमीटरची जोडी बाजूला ठेवायला सांगितली.